दारफाळणीचा सण

२०२४ साली दसरा १२ ऑक्टोबरला होता. २०२५ साली २ ऑक्टोबरला. आता गंमत बघा, या दोन्ही दिवशी जगभरातले ज्यू लोक दिवसभर निर्जळी उपास करून, पांढरे कपडे घालून, आपापल्या प्रार्थनागृहात वर्षभराच्या पापांची कबुली देत होते. त्या दिवसाचं नाव योम किप्पूर. प्रायश्चित्ताचा दिवस. लागोपाठ दोन वर्षं आपण सोनं लुटत होतो आणि ते हिशोब चुकता करत होते, तेही एकाच तारखेला.

हा योगायोग नाही, गणित आहे. ज्यूंची दिनदर्शिका आपल्यासारखीच चांद्र-सौर. महिना चंद्राचा, वर्ष सूर्याचं, आणि दोघांची सांगड घालायला अधिक महिना. त्यांच्याकडे १९ वर्षांत ७ अधिक महिने येतात. तिश्री नावाचा त्यांचा महिना साधारण आपल्या आश्विनाच्या आसपास सुरू होतो आणि त्याची दहावी तिथी म्हणजे योम किप्पूर. म्हणजे जवळजवळ विजयादशमीच! २०२३ मध्ये मात्र आपल्याकडे अधिक श्रावण आला आणि दसरा २४ ऑक्टोबरला ढकलला गेला. योम किप्पूर २५ सप्टेंबरलाच होऊन गेला होता. त्यांचा अधिक महिना २०२४ च्या सुरुवातीला आला आणि गाडी पुन्हा रुळावर आली. दोन वेगळ्या टीम्सनी एकमेकांना न विचारता एकच अल्गोरिदम लिहावा, तसा हा प्रकार.

त्यांच्या अल्गोरिदममध्ये एक जादा अट आहे. योम किप्पूर शुक्रवारी किंवा रविवारी येताच कामा नये. कारण शनिवार हा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, शब्बाथ. त्या दिवशी काम नाही, चूल नाही. योम किप्पूरलाही तेच. दोन्ही लागून आले तर सलग दोन दिवस स्वयंपाक नाही, आणि कोणी गेलं तर दोन दिवस दफनही नाही. म्हणून वर्षाचा पहिला दिवस गरजेप्रमाणे एक-दोन दिवसांनी पुढे ढकलण्याचे नियम करून ठेवले आहेत. धर्मशास्त्रात व्यवहार किती बसलेला असतो याचं हे छान उदाहरण.

पण मला लिहायचंय ते दिनदर्शिकेबद्दल नाही. (हे सांगायला चार परिच्छेद घालवले, सवयीचा भाग आहे.) लिहायचंय ते या सणाच्या एका मराठी नावाबद्दल. होय, मराठी. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल लोकांकडे या दिवसाला हिब्रू नाव नव्हतं. ते त्याला म्हणायचे दारफाळणीचा सण. म्हणजे दारं बंद करायचा सण.

हे नाव समजून घ्यायला आधी मूळ सण काय आहे ते पाहू.

जेरुसलेमला मंदिर होतं तेव्हा योम किप्पूर हा मुख्यतः एका माणसाचा दिवस होता. तो म्हणजे मुख्य पुरोहित. सात दिवस आधीपासून त्याला घरापासून वेगळं ठेवत. त्याला काही झालं, विटाळ झाला तर पंचाईत नको म्हणून दुसरा पुरोहित तयार ठेवलेला असे. आमच्या भाषेत हॉट स्टँडबाय. आदल्या रात्री त्याला झोपू देत नसत. त्या दिवशी तो पाच वेळा स्नान करी, पाच वेळा कपडे बदले, दहा वेळा हातपाय धुई. एरवी सोन्याची झळाळी असलेली वस्त्रं, पण मंदिराच्या अगदी आतल्या गाभाऱ्यात जाताना साधी पांढरी तागाची. या गाभाऱ्यात वर्षभरात दुसऱ्या कोणी, दुसऱ्या कुठल्याही दिवशी पाऊल टाकायचं नाही. हे सगळे तपशील मिश्ना नावाच्या, इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ग्रंथात एखाद्या ऑपरेशन मॅन्युअलसारखे नोंदवलेले आहेत.

त्या दिवसाचा सर्वात प्रसिद्ध विधी दोन बोकडांचा. दोन सारखे बोकड आणायचे, चिठ्ठ्या टाकायच्या. एक देवाला बळी. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून मुख्य पुरोहित सगळ्या लोकांची पापं उच्चारणार आणि मग त्या बोकडाला वाळवंटात सोडायला नेणार. इंग्रजीतला 'स्केपगोट' हा शब्द इथलाच; विल्यम टिंडेल याने १५३० च्या आपल्या बायबल भाषांतरात तो घडवला. आपण त्याला मराठीत 'बळीचा बकरा' म्हणतो खरं, पण मूळ कथेत बळीचा बकरा वेगळा आणि पापं वाहून नेणारा वेगळा!

इ.स. ७० मध्ये टायटसच्या रोमन सैन्याने मंदिर जाळलं. आता प्रश्न आला. मंदिर नाही, गाभारा नाही, पुरोहित नाही, बोकड नाही. मग प्रायश्चित्त कसं करायचं? ज्या यंत्रणेवर सगळं अवलंबून होतं तीच गेली. अशा वेळी बहुतेक धर्म संपतात. पण योहानान बेन झक्काई आणि त्याच्यानंतरच्या रब्बींनी एक मोठं काम केलं. मंदिराच्या जागी त्यांनी प्रार्थना, अभ्यास आणि दयेची कृत्यं आणून बसवली. बोकडाने वाहून न्यायची पापं आता प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने बोलून दाखवायची. एका माणसाचा दिवस होता तो सगळ्यांचा झाला.

आज जो योम किप्पूर पाळला जातो तो हा. सूर्यास्ताच्या थोडं आधी सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत, म्हणजे सुमारे २५ तास चालतो. (त्यांचा दिवस संध्याकाळी सुरू होतो, आपला सूर्योदयाला.) उपास म्हणजे कडक निर्जळी. आपल्यासारखं साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी असलं काही नाही. त्याशिवाय आणखी चार गोष्टी वर्ज्य: आंघोळ, तेल-अत्तर, चामड्याच्या चपला-बूट आणि शरीरसंबंध. दिवसभरात पाच प्रार्थना. पापांची कबुली वर्णमालेच्या क्रमाने, छातीवर हात मारत द्यायची, आणि तीही अनेकवचनात. मी नव्हे, आम्ही. शेजारच्याने चोरी केली असेल, मी नसेन केली, तरी दोघांनी मिळून म्हणायचं. शेवटच्या प्रार्थनेचं नाव नेईला. नेईला म्हणजे बंद करणं. दिवस मावळतो तशी स्वर्गाची दारं मिटू लागतात, अजून फट आहे तोवर आत शिरा, असा तिचा भाव. शेवटी शोफार, म्हणजे मेंढ्याच्या शिंगाचं वाद्य, फुंकतात आणि लोक घरी जाऊन जेवतात.

इथे दोन नियम सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. दोन्ही मिश्नातलेच.

पहिला: जिवाला धोका असेल तर उपास मोडायचा. मोडला तर चालेल असं नव्हे, मोडायचाच. आजाऱ्याला वैद्याच्या सांगण्यावरून खायला घालायचं. वैद्य नसेल तर आजाऱ्याच्या स्वतःच्या सांगण्यावरून. गर्भवतीला अन्नाच्या वासाने डोहाळे लागले तर तिला शांत वाटेपर्यंत द्यायचं. १८४८ साली विल्ना शहरात, म्हणजे आजच्या लिथुआनियात, कॉलऱ्याची साथ होती. रब्बी इस्रायल सलांतर यांनी योम किप्पूरला लोकांनी खावं असं जाहीर केलं. त्यांनी स्वतः सगळ्यांसमोर खाल्लं की नुसती परवानगी दिली, यावर कथेचे पाठभेद आहेत. पण वर्षातल्या सर्वात पवित्र दिवशी धर्मगुरूने जीव वाचवण्यासाठी खा म्हणून सांगणं, हे त्या धर्माच्या चौकटीतच बसणारं होतं.

दुसरा नियम मला जास्त महत्त्वाचा वाटतो. माणूस आणि देव यांच्यातली पापं योम किप्पूरने धुतली जातात. माणूस आणि माणूस यांच्यातली जात नाहीत, जोवर ज्याचं वाईट केलं त्याची समजूत काढली जात नाही. म्हणजे शेजाऱ्याचे पैसे बुडवून पंचवीस तास उपाशी राहिलात, तर फक्त उपाशी राहिलात. देवसुद्धा दुसऱ्याच्या वतीने माफ करू शकत नाही! शिवाय आत्ता पाप करतो, योम किप्पूरला फिटेल, असा हिशेब करून पाप करणाऱ्याचं पाप फिटत नाही हेही तिथेच नोंदवलंय. पळवाट शोधणाऱ्यांची जात सनातन आहे, त्यामुळे ती बुजवणारेही.

१२व्या शतकातला मोठा विद्वान मायमोनिदीस याने यावर आणखी बारीक काम केलं. त्याच्या मते माफी मागायला गेलात आणि समोरच्याने नाही म्हटलं तर तीन मित्रांना घेऊन पुन्हा जा. तरी नाही, तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. आणि खरा पश्चात्ताप झाला की नाही हे कसं ओळखायचं? तीच संधी, तीच इच्छा, तीच ताकद पुन्हा आली आणि तरीही माणसाने ते केलं नाही, तर. म्हातारपणी दात पडल्यावर सोडलेली सुपारी धरायची नाही. आमच्या धंद्यातही बग दुरुस्त झाला असं तेव्हाच म्हणतात, जेव्हा तेच इनपुट पुन्हा देऊन प्रोग्रॅम कोसळत नाही.

जैनांच्या 'मिच्छामि दुक्कडम्'ची आठवण इथे अनेकांना येईल. ते भाद्रपदातलं, पण तेही माणसाने माणसाची मागितलेली क्षमा.

आता कोकणात येऊ.

बेने इस्रायल लोकांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांना नवगावलाच पुरलं. जे होतं नव्हतं ते समुद्रात गेलं, त्यात धर्मग्रंथही गेले. वाचलेले आसपासच्या गावांत पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले, मराठी बोलू लागले. पेणचे ते पेणकर, किहीमचे ते किहीमकर, दिव्याचे दिवेकर. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना म्हणू लागले शनिवार तेली. हे नेमकं कधी घडलं यावर विद्वानांची मतं शेकडो वर्षांच्या अंतराने वेगळी आहेत. नक्की एवढं, की १७६८ मध्ये कोचीनच्या यहेझकेल रहाबी या ज्यू व्यापाऱ्याने हॉलंडला धाडलेल्या पत्रात मराठी मुलुखातल्या या लोकांचा उल्लेख आहे. तेलाचे घाणे चालवतात, काही सैन्यात आहेत, शब्बाथ पाळतात आणि 'शेमा' ही एक प्रार्थना त्यांना येते, असं त्याचं म्हणणं.

विचार करा. ग्रंथ नाही, हिब्रू नाही, रब्बी नाही, प्रार्थनागृह नाही. शेकडो वर्षं बाकीच्या ज्यू जगाशी जवळजवळ संपर्क नाही. मग काय टिकतं? शनिवार टिकला. सुंता टिकली. खवले आणि पंख नसलेला मासा खायचा नाही हे टिकलं. शेमा टिकली. आणि उपासाचा हा दिवस टिकला. नाव विसरलं गेलं, प्रार्थना विसरल्या गेल्या, पण काय करायचं हे हातापायांना आठवत होतं. म्हणून मग नाव पडलं ते कृतीवरून.

हाईम सॅम्युअल किहीमकर यांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून काढला (छापला गेला तो १९३७ मध्ये, तेल अवीवला). त्यात या जुन्या सणांची मराठी नावं नोंदलेली आहेत. नववर्षाचा तो नव्याचा सण. त्यानंतर खिरीचा सण. मग दारफाळणीचा सण. वल्हांडणाच्या सणाला अनशी ढाकण्याचा सण. अनस म्हणजे आंबवणाचं भांडं, ते झाकून ठेवायचं. मंदिराच्या नाशाचा शोक करायचा दिवस तो बिरड्याचा रोजा, कारण त्या दिवशी वालाचं बिरडं. म्हणजे जेरुसलेमचं मंदिर जळल्याचं दुःख रायगड जिल्ह्यात वालाच्या बिरड्यात जपून ठेवलेलं! कोकणाबाहेरच्यांना कदाचित हसू येईल. ज्यांनी पावसाळ्यात वाल सोलत बसलेली घरं पाहिली आहेत त्यांना कळेल की आठवण ठेवायची यापेक्षा पक्की जागा नाही. उपासाला 'रोजा' शब्द शेजारच्या मुसलमानांकडून आला, जसं प्रार्थनागृहाला 'मशीद' आणि पुढाऱ्याला 'काजी' हे शब्द आले.

दारफाळणीच्या दिवशी काय करत? आदल्या संध्याकाळी आंघोळ करून, जेवून, पांढरे कपडे घालून दारं लावून घेत. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत कडक उपास. घराबाहेर पडायचं नाही, इतर समाजाच्या लोकांशी बोलायचं नाही, शिवायचं नाही. या काळात पितरांचे आत्मे घरी येतात अशी श्रद्धा होती, आणि योम किप्पूरच्या दुसऱ्या दिवशी ते परत जातात. त्या दुसऱ्या दिवसाचं नाव शिळा सण. त्या दिवशी दारं उघडायची, गरिबांना दान द्यायचं, एकमेकांकडे जायचं.

पितर घरी येण्याची कल्पना योम किप्पूरच्या मूळ विधीत अशी नाही. पण जरा पंचांग आठवा. तिश्री महिना सुरू होतो तो बहुतेक वेळा आपल्या सर्वपित्री अमावास्येच्या लगेच नंतर. गावातल्या प्रत्येक घरी पंधरा दिवस पितर येऊन गेलेले. शेजारच्या घरी येतात ते आपल्याकडे का येणार नाहीत? संस्कृतींचा संगम वगैरे मोठे शब्द आपण वापरतो, तो प्रत्यक्षात असा होतो. कोणी ठरवून करत नाही.

दारफाळणी आणि नेईला, दोन्हीत दार बंद होतं. पण अर्थ अगदी उलटे आहेत. नेईलेत दार स्वर्गाचं, आणि धडपड ते मिटण्याआधी आत जायची. दारफाळणीत दार घराचं, आणि ते आपणच आतून लावून घ्यायचं. मोठ्या गावात मूठभर घरं, पोथी नाही, गुरुजी नाहीत. आपण वेगळे आहोत हे वर्षातून एकदा आठवायचं तर दार लावून घेण्याखेरीज दुसरं साधन काय होतं? उरलेले ३६४ दिवस दार उघडंच होतं, हेही विसरू नये. भारतात ज्यूंचा शेजाऱ्यांकडून ज्यू म्हणून छळ झाला नाही, असं ते लोक स्वतःच सांगत आले आहेत.

पुढे दार उघडलं. सॅम्युअल इझेकील दिवेकर, म्हणजे गावच्या बोलीत सामाजी हसाजी दिवेकर, हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अधिकारी. म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. तुम्ही कोण, या प्रश्नावर बेने इस्रायल असं उत्तर आलं. हे नाव कुराणात आहे म्हणून जीव वाचला, अशी कथा समाजात सांगतात. सुटून आल्यावर त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला या समाजाचं पहिलं प्रार्थनागृह बांधलं. त्याचं नाव शाअर हरहमीम. म्हणजे दयेचं दार! मशीद बंदर स्टेशनच्या नावातली मशीद ती हीच असं मानलं जातं. मग १९व्या शतकात कोचीनहून ज्यू शिक्षक आले, जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने मराठीत हिब्रूचं व्याकरण लिहिलं, जोसेफ इझेकील राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. अलिबागला १८४८ मध्ये, पनवेलला १८४९ मध्ये प्रार्थनागृहं उभी राहिली. दारफाळणीच्या सणाला योम किप्पूर हे नाव परत मिळालं आणि लोक त्या दिवशी दार लावून घरात बसण्याऐवजी दार उघडून सगळे एका जागी जमू लागले.

गोष्ट इथे संपली असती तर सुखान्त झाला असता. पण पुढे एक प्रकरण आहे.

१९४८ मध्ये इस्रायल स्थापन झालं आणि बेने इस्रायल हजारोंनी तिकडे गेले. छळ होता म्हणून नाही, तर आपल्या घरी जातोय म्हणून. आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या घराच्या दारात प्रश्न आला: तुम्ही नक्की ज्यू का? इतकी शतकं रब्बींशिवाय काढली, तर मधल्या काळातले घटस्फोट, पुनर्विवाह शास्त्राप्रमाणे झाले होते का? १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बी-मंडळाने विवाह नोंदवणाऱ्यांना सूचना काढल्या, की बेने इस्रायल वधू-वर आले तर त्यांच्या मागच्या पिढ्या तपासाव्यात. शास्त्राच्या दृष्टीने प्रश्न तर्काला धरून असेलही. पण ज्यांनी पोथी नसताना, बघणारं कोणी नसताना, शेकडो वर्षं दार लावून हा उपास केला, त्यांना तो ऐकताना काय वाटलं असेल?

लोक गप्प बसले नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये बेने इस्रायल कुटुंबांनी ठिय्या दिला. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने, क्नेसेटने, पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या काळात स्पष्ट भूमिका घेतली, की हे लोक सर्व बाबतींत इतरांच्या बरोबरीचे ज्यू आहेत आणि रब्बी-मंडळाने लोकांच्या मनातली अन्यायाची भावना दूर करावी. सूचनांतून बेने इस्रायल हे नाव काढण्यात आलं.

मिश्नाच्या त्या दुसऱ्या नियमाची कसोटी इथे लावून पाहावीशी वाटते. परिपत्रक बदलणं ही दुरुस्ती झाली. चांगलीच झाली. पण दुखावलेल्या माणसाची समजूत काढणं हे परिपत्रकाने होतं का? नियम म्हणतो, त्या माणसाकडे जा. संस्थेने कोणाकडे जायचं? हा प्रश्न फक्त रब्बींचा नाही. आपल्याकडेही शतकानुशतकांचे अन्याय कायद्याने बंद झाले. कायदा झाला म्हणजे माफी मागून झाली असं आपण किती सहज धरून चालतो!

इस्रायलला सामुदायिक हिशोबाची दुसरी, फार मोठी वेळ १९७३ मध्ये आली. ६ ऑक्टोबर, शनिवार आणि योम किप्पूर. रस्ते रिकामे, रेडिओ बंद. दुपारी दोनच्या सुमारास भोंगे वाजले. इजिप्त आणि सीरियाने एकाच वेळी हल्ला केला होता. प्रार्थनागृहांतून तरुणांना थेट आघाडीवर बोलावलं गेलं. इस्रायलने बाजू सावरली, पण अडीच हजारांहून जास्त सैनिक गेले. आधी इशारे मिळूनही शत्रू हल्ला करणार नाही या गृहीतकाला लष्करी गुप्तचर चिकटून राहिले होते. आग्रानात आयोगाने एप्रिल १९७४ मध्ये लष्करातल्या वरिष्ठांवर ठपका ठेवला, राजकीय नेतृत्वाला सोडलं. लोकांना ते पटलं नाही. त्याच महिन्यात गोल्डा मेयर यांनी राजीनामा दिला. अशा आत्मपरीक्षणाला हिब्रूत हेशबोन नेफेश म्हणतात. हेशबोन म्हणजे आपला हिशोबच. तो अरबीतून आपल्याकडे आला आणि अरबी-हिब्रू या सख्ख्या बहिणी. नेफेश म्हणजे जीव. जिवाचा हिशोब.

दाराची आणखी एक गोष्ट. ९ ऑक्टोबर २०१९, पुन्हा योम किप्पूर. जर्मनीतल्या हाले शहरात एक बंदूकधारी प्रार्थनागृहावर चालून आला. आत पन्नासहून जास्त लोक. त्याने दारावर गोळ्या झाडल्या, स्फोटकं वापरली. लाकडी दार उघडलं नाही. आतले वाचले, बाहेर मात्र त्याने दोघांचा जीव घेतला. २०२५ मध्ये, आपण दसरा आणि गांधीजयंती साजरी करत होतो त्या दिवशी, मँचेस्टरच्या प्रार्थनागृहावर हल्ला झाला. तिथेही आतल्या लोकांनी दारं धरून ठेवली. तिथे उपासकांपैकी दोघे गेले.

कोकणात ज्यांनी दार लावलं ते आठवण जपायला. हालेत दार लागलेलं होतं ते जीव जपायला. माझ्या मते मराठी माणसाने या फरकाचा थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही. मात्र तो अभिमान नुसता मिरवण्यापुरता नको, कारण असा दरवाजा पिढ्यान्‌पिढ्या सुरक्षित राहणं हे शेजाऱ्यांच्या रोजच्या वागण्यावर अवलंबून असतं, इतिहासाच्या पुण्याईवर नाही.

आज भारतात ज्यू समाज जेमतेम चार-पाच हजारांचा उरलाय, त्यात बेने इस्रायल सर्वात जास्त. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. अलिबागला गेलात तर किनारा आणि किल्ला बघून परत फिरू नका. इस्रायल आळी म्हणून गल्ली आहे, तिथे मागेन अबोथ हे प्रार्थनागृह आहे. नवगावला जहाज फुटल्याच्या आठवणीचं स्मारक आहे. शांतपणे बघून या.

आणि जाता जाता, योम किप्पूरच्या आधीच्या दिवसांत ज्यू लोक ओळखीच्यांकडे जाऊन वर्षभरात काही चुकलं असेल तर माफ कर म्हणतात. हे करायला ज्यू असायची गरज नाही. उपासापेक्षा अवघड आहे एवढंच. पंचवीस तास पाण्याशिवाय निघतात, पण एक फोन लावायला हात धजत नाही.

असो. पुढच्या शनिवारी भेटूच.